दिवस मावळायच्या आतली गोळी

लहानपणी घरी मला सगळे 'चौकशी खातं' म्हणायचे. साताऱ्यात आमच्या आळीत कुणाकडे पाहुणे आले, की ते कुठले, किती दिवस राहणार आणि पिशवीत काय घेऊन आलेत, हे घरच्या माणसांच्या आधी मला कळलेलं असायचं. नको तिथे नाक खुपसायची ही खोड कधी जाणार, म्हणून आई वैतागायची. ती गेली नाहीच. उलट त्याच खोडीवर माझं पोट भरायला लागलं. मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर झाले, लग्न होऊन सांगलीला आले आणि इथल्या एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये बसून लोकांच्या लघवीत, रक्तात, थुंकीत कोण पाहुणे उतरलेत ते बघू लागले. अजूनही तेच करते.

पेशंट मला ओळखत नाहीत. त्यांचे डॉक्टर म्हणजे राउंडला येणारे, खांद्यावर हात ठेवणारे. मी त्यांना भेटते ती बाटलीवरच्या चिठ्ठीतून. वय, वॉर्ड, खाट नंबर, झालं. मला ते बरंच वाटायचं. माणसं बोलतात, रडतात, खोटं सांगतात. जंतू तसं करत नाहीत, असं मी नव्या टेक्निशियन पोरींना सांगायची.

लघवीच्या इन्फेक्शनचे पेशंट आमच्याकडे रोजचे. म्हातारं माणूस थंडी वाजून तापानं फणफणलेलं, कंबर दुखतेय, उलट्या होतायत, थोडं असंबद्ध बोलतंय, अशा अवस्थेत आलं की कुठला जंतू आहे हे कळायला दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढं थांबायला वेळ नसतो. म्हणून पहिल्या दिवशी डॉक्टर एक मोठं इंजेक्शन सुरू करतात. ते जवळजवळ सगळ्या जंतूंना मारतं. त्यात काही चूक नाही. चूक पुढे होते. तिसऱ्या दिवशी माझा रिपोर्ट वर जातो, त्यात लिहिलेलं असतं की हा जंतू साध्या गोळीनंही मरेल, आणि तो रिपोर्ट फाइलमध्ये लागून तिथेच राहतो. मोठं इंजेक्शन चालूच. पेशंट सुधारतोय ना, मग कशाला हात लावायचा, असं सगळ्यांचं मत. मी मात्र दर वर्षी त्याच मोठ्या इंजेक्शनला न जुमानणारे जंतू जास्त-जास्त बघत होते. ते वापरून वापरून बोथट झालं, तर ज्याला खरोखर दुसरं काहीच चालणार नाही त्याला आम्ही काय देणार? यावरून आमच्या मोठ्या सरांशी, म्हणजे फिजिशियनशी, माझी नेहमीची खडाखडी. ते मला "खालच्या बाई" म्हणत. प्रेमानं म्हणत, पण खालच्याच.

त्या वर्षी दिवाळी होऊन दोन-तीन आठवडे झाले होते. एका सोमवारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई दाखल झाल्या. सांगलीजवळच्या गावातलं जैन शेतकरी घर, मुलगा मार्केट यार्डात हळदीचा व्यापारी. घरात त्यांना सगळे अक्का म्हणत, म्हणून वॉर्डातही त्या अक्काच झाल्या. बुधवारी सकाळी, नमुन्यातले जंतू वाढवायला ठेवतो त्या माझ्या प्लेटवर, एकाच जातीचा जंतू उगवला होता. आम्ही त्या जंतूच्या थरावर औषधांच्या बारीक चकत्या ठेवतो. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती जंतू वाढत नाही, स्वच्छ गोल मोकळा राहतो. तो गोल पट्टीनं मोजायचा. अक्कांच्या जंतूनं मला चकित केलं. सल्फाची जुनी गोळी, जिला आजकाल निम्मे जंतू भीक घालत नाहीत, तिच्याभोवती हा एवढा मोठा गोल. रक्तात जंतू नव्हता, ताप उतरला होता, तोंडानं खाणंपिणं सुरू झालं होतं. याहून चांगली संधी कुठली? मी रिपोर्ट घेऊन स्वतः वर गेले.

मोठ्या सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, लागू पडलेलं इंजेक्शन काढायचं आणि ही गोळी द्यायची?"

"हो. आणि सलाइनही काढायचं. हाताची शीर सुजायला लागलीय त्यांच्या."

"आणि ताप परत आला तर?"

"तर मला बोलवा," मी म्हणाले. बोलून गेले खरी, पण खाली येताना जिन्यात माझं मलाच वाटलं की जरा जास्तच तोऱ्यात बोलले.

बुधवारी दुपारी इंजेक्शन बंद झालं, गोळी सुरू झाली. सकाळी आठ, रात्री आठ. गुरुवारी ताप नव्हता. शुक्रवारी सकाळी नऊला फोन आला. अक्कांना एकशे दोन ताप, परत थंडी, परत कंबर.

आधी वाटलं, माझा रिपोर्ट चुकला. प्लेटा बदलल्या असतील, चिठ्ठ्या बदलल्या असतील. मी बुधवारची प्लेट काढली आणि गोल परत मोजला, मग टेक्निशियनकडून मोजून घेतला. तेवढाच. मग वाटलं, दुसरा कुणी जंतू लपून बसला असेल. पण भिंगाखाली तो एकटाच होता. लॅबमध्ये बसून जेवढं बघता येतं तेवढं बघून झालं आणि उत्तर मिळालं नाही. अशा वेळी मला चैन पडत नाही. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा कुतूहल जास्त होतं, आणि त्याची मला जरा लाजही वाटली.

वर गेले तर मोठे सर खाटेशी उभेच होते. मुलगाही होता. तो मला म्हणाला, "मॅडम, तुमीच का ते इंजेक्शन काढायला लावलं? लय चांगलं लागू पडलं हुतं की वो. बरं चाललेलं कशापायी मोडायचं?"

मोठ्या सरांनी नाडी बघून अक्कांचा हात खाली ठेवला. एवढंच म्हणाले, "दुपारी परत इंजेक्शन सुरू करतोय."

मी म्हणाले, "मला एक तास द्या."

पहिल्यांदा औषधाचा तक्ता बघितला. प्रत्येक गोळीपुढे सिस्टरची खूण होती. मग अक्कांच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. अशी पेशंटजवळ मी कितीतरी वर्षांत बसले नव्हते. बारीक अंगाच्या, गोऱ्या, डोक्यावरून पदर. तापानं ओठ सुकलेले. बाजूच्या कपाटावर स्टीलचा तांब्या पाण्यानं भरलेला, आणि त्याच्या शेजारी काल संध्याकाळचा हॉस्पिटलचा चहा, वर बशी झाकलेली, साय धरलेला. चहा न पिणारं माणूस असेल म्हणावं, तर सकाळचा कप रिकामा होता.

"अक्का, काल संध्याकाळचा चहा प्याला नाहीत?"

"सात वाजता आणत्यात. तवा कसा पिऊ?"

"सातला काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढी शिकलेली बाई आणि एवढं कळत नाही. "दिवस मावळल्यावर मी तोंडात कायबी घालत न्हाई. पाणीबी न्हाई. नियम हाय माझा. मुनी महाराजांच्या समोर घेतलाय, थोरल्याच्या लग्नाच्या आधी."

मी शेजारी उभ्या मुलाकडे, त्यांच्या थोरल्याकडे, बघितलं. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे होते.

"मग रात्री आठची गोळी?"

अक्कांनी उशीखाली हात घातला आणि रुमालाची गाठ काढली. तिच्यात दोन पांढऱ्या गोळ्या होत्या, बुधवारची आणि गुरुवारची. "टाकल्या न्हाईत," त्या म्हणाल्या. "औषध हाय. टाकायचं कसं?" मी त्या दोन्ही सिस्टरकडे जमा केल्या.

सिस्टर गोळी हातावर ठेवायची, अक्का "घेते गं पोरी" म्हणायच्या, सिस्टर पुढच्या खाटेकडे जायची. इतक्या खाटांना एक सिस्टर, ती तरी किती वेळ थांबणार? सूनबाई दिवसभर सोबतीला असायच्या, पण पाचला घरी जायच्या, कारण त्यांनाही उजेडातच जेवायचं असायचं. त्या परत यायच्या साडेआठला. म्हणजे सगळ्या दिवसात फक्त आठच्या गोळीलाच घरचं कुणी खाटेशी नसायचं. मी सूनबाईंना म्हटलं, तुम्ही आम्हाला हे सांगितलं का नाही? त्या गोंधळून म्हणाल्या, "आता ह्यात सांगायचं काय? सगळ्यांचं असंच असतंय की." त्यांच्या घरात, गल्लीत, पाहुण्यांत खरोखरच सगळ्यांचं असंच होतं. आम्हीच परगावचे.

मी विचारलं, "मग इंजेक्शन कसं चाललं? ते तर रात्रीही द्यायचे."

"ते तोंडानं कुठं जातंय? सुई टोचल्याला जेवण म्हणत न्हाईत, बाई."

आता सगळं सरळ दिसायला लागलं. इंजेक्शन होतं तोवर औषध पूर्ण जात होतं आणि रात्री सलाइनमधून पाणीही जात होतं. मी ती दोन्ही बंद करायला लावली. त्यानंतर अक्कांना औषध मिळत होतं निम्मं, आणि संध्याकाळी सहापासून सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. जंतूला आणखी काय हवं? गोळीनं दगा दिला नव्हता. गोळी पोटात गेलीच नव्हती. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच माझा मलाच रागही आला.

मी त्यांना प्लेटबद्दल सांगितलं, चकत्यांबद्दल सांगितलं. आम्ही जंतूला बारा औषधं दाखवतो आणि त्याला कुठलं सोसत नाही ते बघतो, असं काहीतरी. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्याला बारा डाव इचारलंसा. मला एक डाव इचारायचं हुतं, गोळी कवा घेतीस म्हणून."

मोठे सर खिडकीकडे बघायला लागले.

मुलगा अजूनही मोठ्या इंजेक्शनवरच अडून होता. मी त्याला समजावत होते, की मोठं औषध पोटातल्या चांगल्या जंतूंनाही मारतं, लाखो करोडो, ज्यांचा काही संबंध नाही असे. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. पण अक्का उशीवरून उठून बसल्या.

"किती म्हणालासा?"

"मोजता येणार नाहीत एवढे."

"आनि ही बारकी गोळी?"

"हीसुद्धा थोडे इकडचे तिकडचे मारते. पण त्या मानानं फार कमी. मुख्य मरतो तो ज्यानं त्रास दिला तो."

पाण्यात बारीक जीव असतात म्हणून आयुष्यभर पाणी गाळून प्यालेली बाई. मग मुलाला म्हणाल्या, "मला ते मोठं नगं. सांग त्यांस्नी." आणि माझ्याकडे वळून, "तीन दिवस ते दिलंसा, आनि मला बोललाबी न्हाईसा."

इतक्या वर्षांत, एवढ्या बैठकांत आणि तक्त्यांत, माझ्या बाजूनं इतकं पक्कं कुणी उभं राहिलं नव्हतं. मोठ्या सरांनी खांदे उडवले. "उद्या संध्याकाळपर्यंत. तोवर ताप उतरला नाही, तर मी कुणाचं ऐकणार नाही. अक्का, तुमचंही नाही." सलाइन तेवढं परत लावायचं ठरलं.

आता गोळीची वेळ. हे आठ आणि आठ कुणी ठरवलं, म्हणून मी सिस्टरना विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. मोठ्या सरांनाही नव्हतं. आठला ड्यूटी बदलते म्हणून कधीतरी कुणीतरी ठरवलं असणार, आणि आम्ही सगळे ते डोळे झाकून पाळत होतो. सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेपाच, अशी वेळ मी तक्त्यावर लिहून घेतली. बरोबर बारा तासांचं अंतर नाही पडत, पण या गोळीला तेवढं चालतं. सकाळची गोळी अक्कांनी घेतलेलीच होती. म्हणजे खरी परीक्षा त्याच संध्याकाळी होती. ही गोळी चुकली असती तर उद्या ताप उतरायची आशा नव्हती.

पावणेसहाला मी घरी निघता निघता वॉर्डात फोन केला. गोळी दिली का? सिस्टर धापा टाकत म्हणाल्या, "मॅडम, अपघाताचे तीन पेशंट एकदम आलेत. आणि ती गोळी ट्रॉलीवर चढलीच नाही, खालून आठलाच येणार ना." मी फोन ठेवला आणि हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या औषधाच्या दुकानाकडे धावले. तिथे रांग होती. मी रांग मोडली, लोकांनी मला चार शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. लिफ्ट वर अडकलेली. तीन मजले जिना चढून गेले. माझं वय आणि माझं वजन बघता तो पराक्रमच होता.

वॉर्डात दिवे लागलेले होते. अक्कांची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची, त्यामुळे सूर्य दिसायचा प्रश्नच नव्हता. आभाळाचा एक तुकडा दिसत होता, त्यात उजेड होता. सूनबाई घरी गेलेल्या. अक्का हातात पाण्याचा पेला धरून बसल्या होत्या. किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे.

मी गोळी पुढे केली. त्यांनी ती तळहातावर घेतली, पण तोंडात घातली नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "मावळला का वो?"

मी सूर्य बघितलेला नव्हता. मी भिंतींमधून आणि जिन्यातून आले होते. घड्याळ माझ्या हातात होतं, त्याच्याकडे मी मुद्दाम बघितलं नाही. जन्मात कधी नव्हे ते मला काही जाणून घ्यायचं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "अजून आहे."

"तुमी बघितलासा?"

"हो. येताना दिसला."

त्यांनी गोळी घेतली, पेलाभर पाणी प्यालं आणि पेला पालथा घातला.

शनिवारी दुपारी ताप उतरला. मोठ्या सरांनी तक्ता बघून नुसतं "हं" केलं. त्यांच्याकडून तेवढं म्हणजे खूप. सोमवारी अक्का घरी गेल्या, उरलेल्या दिवसांच्या गोळ्या घेऊन, साडेसात आणि साडेपाच. दिवसा भरपूर पाणी प्या, म्हणून मी बजावून सांगितलं होतं. मी अत्यंत खूश होते. पण खोड कुठे जाते? मंगळवारी लॅबमध्ये कामाच्या मधेच मी उठले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये शुक्रवारचा सूर्यास्त शोधला. पाच अठ्ठावन्न. मग वर जाऊन अक्कांची फाइल मागितली. घाईत असूनही सिस्टरनी मागून वेळ लिहिली होती, सहा वाजून पाच मिनिटं. फाइल मिटली आणि खाली आले. बघायला नको होतं असं वाटत राहिलं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं, बाई खडखडीत बरी झाली होती, आणि तरी जेवताना, भाजी निवडताना ती सात मिनिटं मला टोचायची. तिनं तीस-पस्तीस वर्षं सांभाळलेली गोष्ट मी एका शब्दात मोडली होती, आणि वर तिला पत्ता लागू दिला नव्हता.

तीन आठवड्यांनी अक्का तपासणीला आल्या. मोठ्या सरांना दाखवून झाल्यावर लेकाच्या हाताला धरून तळमजल्यावर लॅबच्या दारात आल्या. पेशंट कधी तिथे येत नाहीत. मुलाला म्हणाल्या, तू गाडी काढ. तो गेला. तब्येत छान दिसत होती. मी खुर्ची दिली, त्या बसल्या, इकडची तिकडची यंत्रं बघितली. मला वाटलं, आता सांगून टाकावं. मी म्हणाले, "अक्का, त्या दिवशी संध्याकाळी..."

"मावळला हुता," त्या म्हणाल्या.

मी समोरचं स्टूल ओढून बसले.

"देवळाची घंटा ऐकू येती त्या खाटेवर. सांजची आरती झाली हुती. मला ठावं हुतं."

"मग विचारलंत कशाला? आणि घेतलीत कशाला?"

"तुमी जिनं चढून आलासा. ऊर धपापत हुता तुमचा." त्यांनी पदर सारखा केला. "आनि माझीबी जगायची हौस हाय की अजून. एकटीनं मोडायचा धीर हुईना, म्हणून तुमाला इचारलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

"घरी गेल्यावर, गोळ्या संपल्या तवा, उपास केला त्याचा," अक्का म्हणाल्या. मी घाबरून तोंड उघडणार, तोच त्यांनी हात वर केला. "पाणी प्याले. दिवसा, तांब्या तांब्या. तुमी म्हणालासा तसं."

"एक दिवस ना फक्त?"

"दोन," त्या म्हणाल्या. "एक माझा. एक तुमचा, खोटं बोलल्याचा. तुमाला काय जमला नसता."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी त्यांना हात देऊन दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन दुपारच्या प्लेटा वाचायला बसले.